रुमालाखालचा भाव

गेल्या वर्षी मृग नक्षत्र लागून चार दिवस उलटले होते, पाऊस येतो येतो म्हणून अवघ्या यवतमाळ जिल्ह्याने माना वर केल्या होत्या आणि आकाशाने मात्र होकारही नाही व नकारही नाही असे सभ्य मौन धारण केले होते. अशा त्या दिवसांत माझ्या भाच्याने दत्त चौकातून दोन किलो पेढे आणून आमच्या आळीत घरोघर वाटले. हा भाचा इंग्लंडातील एका कंपनीची चाकरी आमच्या माडीवर बसून करतो. त्याची कचेरी म्हणजे एक खुर्ची, एक संगणक आणि कोपऱ्यात गुरगुरणारा इन्व्हर्टर, इतकीच असून तिकडचा साहेब न्याहारी आटोपून कामाला लागतो तेव्हा इकडे माझी वामकुक्षी नुकतीच रंगात आलेली असते. त्यामुळे आंग्ल व्यापाराचे पुष्कळसे संवाद मी अर्धवट झोपेत, जिन्यातून झिरपून आलेले, असे ऐकले आहेत. पेढ्यांचे निमित्त असे की, तीन महिने खपून त्याने तयार केलेल्या एका योजनेचा मसुदा वाचून साहेब म्हणाला होता की, मसुदा ‘क्वाइट गुड’ आहे, त्यातील काही भाग ‘इंटरेस्टिंग’ आहे आणि एकंदर गोष्ट आपण अवश्य ध्यानात ठेवू.

नवव्या दिवशी ते काम दुसऱ्याच मंडळींकडे सोपविल्याचे पत्र आले. पत्र इतके गोड होते, त्यात आभार इतके मनःपूर्वक मानले होते आणि भावी सहकार्याविषयी इतकी उत्कट आशा व्यक्त केली होती की, पहिल्या वाचनात भाच्याला आपणांस बढती मिळाली असेच वाटले. दुसऱ्या वाचनानंतर तो खाली आला, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, “मामाजी, साहेब सपशेल खोटं बोलला जी!”

मला साहेबाची बाजू घ्यावी लागली. साहेब खोटे बोलला नव्हता. त्याने माल पाहून प्रत सांगितली होती. ती प्रत ओळखण्याची विद्या आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी होती, ती मध्यंतरी लुप्त झाली, हा दोष साहेबाचा नव्हे.

माझे आजोबा विलायती मालकीच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कारकून होते. त्या काळी वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावतीचे, म्हणजे आजच्या अमरावतीचे, ते इंग्रजी जिभेवर पिंजून निघालेले रूप होय. या ऊमऱ्याच्या प्रती ठरलेल्या असत : ‘गुड’, त्याच्यावर ‘फुली गुड’, त्याच्यावर ‘फाइन’ आणि सर्वांच्या शिरोभागी ‘सुपरफाइन’. ‘गुड’च्याही खाली ‘फेअर’ म्हणून एक पायरी असे. पण त्या संपूर्ण शिडीला ‘वाईट’ नावाची पायरीच नव्हती. कचरा, सरकी, पिवळी पाने आणि गाडीवानाच्या विडीचे थोटूक यांनी युक्त असा कापूससुद्धा इंग्रजांच्या दप्तरी उजळ नावाने जाई. फक्त त्याचा भाव असा काही उतरे की, विकणाऱ्याचे डोळे नाव न वाचताच पाणावत. वाईट हा शब्द न उच्चारता वाईटाची किंमत वसूल करणे, ही जी इंग्रजी व्यवहाराची गुरुकिल्ली, ती आमच्या आजोबांना दरमहा थोडक्या पगारावर सापडली होती आणि भाच्याला भरघोस पगार मिळूनही सापडली नाही.

‘क्वाइट’ या शब्दाने तर पुष्कळांचा घात केला आहे. आपण शाळेत त्याचा अर्थ ‘अगदी’ असा शिकलो, म्हणून ‘क्वाइट गुड’ म्हणजे अगदी उत्तम असे समजून पेढे आणावयास धावतो. वस्तुतः इंग्रज जेव्हा तो शब्द चांगल्याच्या मागे लावतो तेव्हा तो चांगुलपणात भर घालीत नसून त्यातून काही वजा करीत असतो. आपल्या बाजारात मालाचे वजन झाल्यावर ओल, माती, पोत्याचे वजन अशा नाना सबबींवर अडत्या जी तूट धरतो, तिला कडता म्हणतात. क्वाइट हा इंग्रजी भाषेतील कडता होय. एवढे सांगितल्याबरोबर भाच्याच्या मुद्रेवर प्रथमच ज्ञानाचा प्रकाश दिसला, कारण कडत्याने पोळलेला शेतकरी त्याचा सख्खा बाप आहे.

आता, आपला भाव झाकून ठेवावा ही कल्पना काही साहेबाने समुद्रापलीकडून आणली असे मानण्याचे कारण नाही. मराठी मुलखातील अनेक पेठांत पूर्वी सौदा होत असे तो हत्त्याने. विकणाऱ्याच्या वतीने अडत्या आणि घेणाऱ्याच्या वतीने दलाल समोरासमोर बसत, हातांवर एक रुमाल किंवा उपरणे ओढून घेत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा ठरवीत. वर तोंडाने मुलीच्या लग्नाच्या, विहिरीच्या पाण्याच्या, नाहीतर आषाढी वारीच्या गोष्टी चालत. खाली पंजा धरला की पाच, त्यातले एक बोट सुटले की चार. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उकिडवा बसून त्या हलणाऱ्या रुमालाकडे, पडद्याआड झोपलेल्या बाळंतिणीच्या खोलीकडे बापाने पाहावे तसा, पाहत असे. आत काय उपजले हे त्याला सर्वांत शेवटी कळे.

तेव्हा इंग्रजी व्यापारी आणि आपला अडत्या यांत फरक काय तो इतकाच की, आपला रुमाल डोळ्यांना दिसे. आपण भाव झाकला आहे हे आपण लपवीत नसू. इंग्रजाने रुमाल विणला तो शब्दांचा, आणि इतक्या तलम सुताचा विणला की, त्याच्याखाली बोटे चालली आहेत याचा संशयही समोरच्याला येऊ नये. बरे, हाच इंग्रज दुसऱ्याच्या रुमालाच्या बाबतीत मोठा दक्ष. कापसाचा नियंत्रित बाजार हिंदुस्थानात पहिल्याने भरला तो १८८६ साली आमच्या शेजारच्या कारंज्याला, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने. आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदाच झाला. यांत शेतकऱ्याच्या कल्याणाचा हेतू मुळीच नसेल असे मी म्हणत नाही, परंतु मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस रास्त भावात मिळावा हा हेतू अधिक निकडीचा होता. तराजू तपासला जावा, अडत ठरलेली असावी, धर्मादायाच्या नावाखाली कोणी काय कापावे याला सुमार असावा, अशी सर्व शिस्त त्याने आम्हांला लावली. कापसाचा बाजार त्याने उघडा केला. जिभेचा तेवढा झाकलेला ठेवला.

या झाकलेल्या जिभेचा सर्वोत्कृष्ट नमुना पाहावयाचा असेल तर लंडनला जाण्याचे कारण नाही. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिचाच इतिहास पुरेसा आहे. वऱ्हाड, म्हणजे त्यात आमचा हा जिल्हाही आला, ज्याला तेव्हा वूण म्हणत आणि १९०५ पासून यवतमाळ म्हणू लागले, तो मूळ निजामाचा. निजामाकडे फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली म्हणून १८५३ च्या तहाने इंग्रजांनी तो आपल्या वहिवाटीस घेतला. घेतला म्हणजे जिंकला नव्हे. तसे म्हणणे असभ्यपणाचे झाले असते. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा आणि खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक पुन्हा निजामाची; पुढे १९०२ च्या करारनाम्याने लॉर्ड कर्झनने ती कटकटही मिटविली आणि वार्षिक पंचवीस लाख रुपये खंडावर संपूर्ण वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. पट्टा आणि तोही कायमचा! आमच्या आळीत एका गृहस्थाने दोन खोल्या अकरा महिन्यांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या आणि त्या एकवीस वर्षे सोडल्या नाहीत, तेव्हा लोकांनी त्याला काय काय म्हटले ते मी ऐकले आहे. त्या गृहस्थाला कर्झनसाहेबाची भाषा अवगत नव्हती, एवढाच त्याचा अपराध.

पुढची गोष्ट अधिक मौजेची आहे. पहिल्या महायुद्धात निजामाने साह्य केले, त्याबद्दल १९१८ मध्ये त्याला ‘एक्झॉल्टेड हायनेस’ असा किताब आणि ब्रिटिश सरकारचा ‘फेथफुल ॲलाय’, म्हणजे विश्वासू दोस्त, अशी उपाधी बहाल झाली. इतर बडे संस्थानिक नुसते ‘हायनेस’. एकटा हा त्यांच्याहून उच्च. या उंचीचा निजामाने जो सरळ अर्थ घेतला तो माझ्या भाच्याने ‘क्वाइट गुड’चा घेतला त्याच जातीचा होता. आपण जर दोस्त आहोत, तर दोस्ताने दोस्ताची चीज परत करावी, अशा समजुतीने त्याने १९२३ साली वऱ्हाड परत मागितला. उत्तरास काही वर्षे लागली. उत्तर लांबले की ते नकाराचे असते, हा इंग्रजी व्यवहारातला पहिला धडा त्याला कोणी दिला नसावा. अखेर मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगचे पत्र आले आणि इंग्रजी पत्रव्यवहारात क्वचित घडते ते घडले, म्हणजे रुमाल क्षणभर बाजूला सरला : हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असून तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकास नाही, इतके स्पष्ट शब्द व्हाइसरॉयने लिहिले. अर्थात इतके उघडे बोलल्याची लाज वाटूनच की काय, दहा वर्षांनी, १९३६ च्या कराराच्या वेळी, निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. जमीन पट्ट्याने आपल्याकडे, नाव सन्मानपूर्वक मालकाकडे. समोरच्याचे मागणे फेटाळले गेले हे त्याला आयुष्यभर कळू नये असे ज्याला वाटत असेल, त्याने या पत्रव्यवहाराचे पारायण करावे.

मी ही हकीकत सांगितल्यावर भाचा म्हणाला, “म्हणजे मले अजून पदवी भेटाची आहे तं!” आणि खरोखरच दिवाळीच्या सुमारास त्याच्या पदनामापुढे ‘सीनियर’ हा शब्द लागला. पगार होता तेवढाच राहिला.

याच इंग्रजी शिष्टाचाराची दुसरी कथा शकुंतलेची. कालिदासाची नव्हे, आमची. मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या किलिक निक्सन या विलायती पेढीने कापसाच्या वाहतुकीसाठी वऱ्हाडात अडीच फूट रुंदीचे जे रूळ घातले, त्यांचीच यवतमाळहून दारव्हा, कारंजा या मार्गाने मुर्तिजापूरला जाणारी ११३ किलोमीटरची शाखा पुढे शकुंतला या नावाने लोकप्रिय झाली. येथे गाठी चढावयाच्या, मुर्तिजापूरला मोठ्या गाडीत बदलावयाच्या, मुंबईहून जहाजाने मँचेस्टरला जावयाच्या. उलट दिशेने मँचेस्टरहून एक इंजिन आले. १९२१ साली तेथे घडविलेले ते वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर राबू लागले आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. पण माझा विषय इंजिन नसून शिष्टाचार आहे. या गाडीची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. त्या कंपनीचा कारभार पाहणारे मॅनेजिंग एजंट किलिक निक्सन. आणि प्रत्यक्ष गाडी चालविणार जीआयपी रेल्वे. कोणाला काही विचारावयास जावे तर ती गोष्ट नेमकी दुसऱ्याच्या अखत्यारीतली निघावी आणि त्या दुसऱ्याशी आपला परिचय तिसऱ्याने करून दिल्यावाचून बोलणे प्रशस्त नसावे, अशी ही आदर्श इंग्रजी व्यवस्था होती. देश स्वतंत्र झाला, १९५१ साली जीआयपीची मध्य रेल्वे झाली, तरी ही चिमुकली गाडी कराराप्रमाणे कंपनीच्याच मालकीची राहिली आणि सरकार तिच्यापोटी कंपनीला पैसे मोजीत राहिले. दुष्यंत निघून गेला. पण अंगठी हरवली नाही, कारण अंगठीच्या जागी रीतसर सहीशिक्क्याचा दस्तऐवज होता.

‘आपण अजून इंग्रजांना भाडे भरतो’ असे आमच्याकडे चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगितले जाई. किलिक निक्सन ही स्वातंत्र्यानंतर हिंदी मालकांच्या हाती गेली होती, हे मी दोन-तीनदा सांगून पाहिले. लोकांना ते आवडले नाही. गाडी धापा टाकीत ताशी वीस किलोमीटरांनी चालत असताना दोष द्यावयास इंग्रज हाताशी असावा, ही सोय कोण सुखासुखी सोडील? आता ती गाडीही थांबली आहे.

हवापाण्याच्या गप्पांनी बोलण्यास आरंभ करावा, हा इंग्रजी रिवाज भाच्याला कंपनीत शिकविण्यात आला होता, आणि त्याने तो प्रामाणिकपणे पाळला हीच चूक झाली. ‘तुमच्याकडे हवा कशी आहे?’ असे साहेबाने विचारल्याबरोबर त्याने पहिली पेरणी कशी मोडली, दुबार पेरणीला बियाणे कोठून आणले, पऱ्हाटी कशीबशी उगवली तर पावसाने दडी मारली आणि पुढे गुलाबी बोंडअळीचे भय कसे आहे, हे सर्व सव्वीस मिनिटे निवेदन केले. सभेला अर्धा तासच नेमलेला होता. साहेबाला प्रश्न विचारावयाचा होता. उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. पण यवतमाळच्या माणसाला हवेविषयी विचारणे म्हणजे सावकाराने खातेवही उघडून ‘सहज’ विचारण्यासारखे आहे, हे लंडनला कोण सांगणार?

मग गेल्या हिवाळ्यात साहेबच आला. पेढ्यांचा साहेब नव्हे. त्याच कंपनीतला दुसरा, वयस्क, मँचेस्टरकडचा. नागपूरला काही कामासाठी उतरला होता, कापूस शेतात कसा दिसतो हे पाहण्याची त्याला हौस होती आणि भाच्याने त्याला घरी जेवावयास बोलावले. त्याने पऱ्हाटीची फुटलेली बोंडे पाहिली, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या पाहिल्या, बाजार समितीच्या आवारातील बैलबंड्या व ट्रॅक्टर पाहिले आणि प्रत्येक गोष्टीला ‘लव्हली’ म्हटले. ‘लव्हली’ ही प्रत आजोबांच्या शिडीत नसल्यामुळे तिचा भाव मला लावता आला नाही.

जेवणास ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, ताज्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात आणि ज्याला आमच्याकडे नुसते ‘मिरची’ म्हणतात तो ठेचा, असा बेत होता. साहेबाने ठेचा चटणी समजून घासभर उचलला. त्याचा चेहरा आधी गुलाबी, मग जास्वंदीसारखा झाला, दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या, कानांच्या पाळ्यांना कंप सुटला. आणि अशा अवस्थेत, पाण्याचा पेला न मागता, तो भाच्याला म्हणाला की, हा पदार्थ ‘अ बिट वॉर्म’, म्हणजे किंचित उबदार, आहे. त्या क्षणी मला त्या माणसाविषयी जो आदर वाटला तो लॉर्ड रीडिंगविषयीही वाटलेला नाही. ज्यांनी एवढे मोठे साम्राज्य चालविले त्यांनी ते तोफांच्या बळावर चालविले असेल, नाही असे नाही. पण जळत्या जिभेने ‘किंचित’ म्हणू शकणाऱ्या माणसांशी सौदा करावयास बसलेल्या आमच्या पूर्वजांची मला दया आली.

त्यानंतर आमच्या कुटुंबाने भात वाढण्यासाठी पातेले पुढे केले. साहेब हात आडवा धरून म्हणाला, “आय ॲम फाइन.” भाचा भाषांतर करणार, तोच मी त्याला थांबविले. फाइन! सुपरफाइनच्या खालोखालची प्रत! कापसाच्या कारकुनाचा नातू मी. मला त्या शब्दाचे मोल कोणी शिकवावे? मी कुटुंबाला म्हणालो, “खूश आहे, वाढ.” ती म्हणाली, “मले नका सांगू. पयले तीन ‘नको’ कोनाचेच खरे नसतात.” आणि येथे मला जाणवले की, आपलाही एक रुमाल आहे. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्या आग्रहाला नको म्हणावे, दुसऱ्याला पोटावर हात फिरवावा, तिसऱ्याला ताटावर आडवे पडावे आणि चौथ्याला ‘बरं, अगदी घासभर’ म्हणून वाटीभर घ्यावे, ही नकाराची जी चार इयत्तांची परीक्षा आहे, ती कोणत्या पुस्तकात लिहिली आहे? साहेबाचे पहिलेच ‘नको’ खरे होते. ते आमच्या घरात खरे धरले जाणे शक्य नव्हते. त्याने चार वेळा ‘फाइन’ म्हटले आणि चार वेळा त्याच्या ताटात सोलेभात पडला. तो त्याने पानात काही टाकणे अशिष्ट म्हणून संपविला, आणि पान रिकामे राहू देणे अशिष्ट म्हणून कुटुंबाने पुन्हा भरले. दोन प्राचीन संस्कृतींचा शिष्टाचार असा समोरासमोर उभा ठाकला असताना मध्ये पडण्याची भाच्याची छाती झाली नाही. शेवटी पातेले संपले म्हणून तह झाला.

निरोपाच्या वेळी साहेब फाटकापाशी थांबला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला की, तुम्ही उभयतांनी एकदा मँचेस्टरला आमच्याकडे जेवावयास आलेच पाहिजे. त्या वाक्याची प्रत मी तत्काळ ओळखली आणि ‘अवश्य, अवश्य’ असे त्याच प्रतीचे उत्तर देऊन टाकले. पण कुटुंबाला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट मी विसरलो होतो. भाच्याने तिला शब्दशः अर्थ सांगितला, तशी ती पदर सावरून पुढे आली आणि म्हणाली, “हाव बाप्पा, येऊ नं! कोन्या मह्यन्यात येऊ, थे तं इचार त्याईले.”

भाच्याने विचारले.

साहेबाने खिशातून रुमाल काढला. ठेच्याचे अश्रू केव्हाच वाळले होते, थंडीही मरणाची होती, पुसण्यासारखे चेहऱ्यावर काही उरले नव्हते. तरी तो बराच वेळ चेहरा पुसत राहिला, आणि त्या रुमालाखाली त्याने बोटे किती दाबली ते मला फाटकाच्या अंधारात दिसले नाही. आमच्या कुटुंबाने मात्र यंदाच्या वाळवणात दोन पायली मुगवड्या जास्त घातल्या आहेत.